पोटातले पाहुणे

मला आतड्याच्या सुजेचा जुना आजार. परवा तपासणीला जाताना आईला बरोबर नेलं होतं. बोलता बोलता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की या सुजेवर काही ठिकाणी रोग्याला जंतांची अंडी पाण्यातून पाजून पाहतात. अजून खात्रीचं काही नाही, आपण आपल्या गोळ्याच घ्यायच्या, हेही त्यांनी बजावलं. पण आईने केव्हाच कपाळाला हात लावला होता.

"अगं बाई! आणि जंत पडावेत म्हणून मी हिला नाक दाबून वावडिंगाचा काढा पाजला!"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "आजी, शरीराला भांडायला बाहेरचं कुणी उरलं नाही, की ते घरच्यांवरच उठतं, असा एक तर्क आहे."

रिक्षात मला आमचंच घर आठवत राहिलं. लख्ख आवरलेलं, दोघींचंच. आणि दिवसभर एकमेकींवर खेकसणं. आईचा भाऊ, खादाड बंडूमामा, महिनाभर ठाण मांडून बसला, की मात्र आम्ही दोघी मिळून त्याच्यावर चिडतो आणि आपसांत साखरेसारख्या गोड असतो.

शेजारी आईने फोन कानाला लावला होता.

"बंडू, किती दिवसांत फिरकला नाहीस रे! ये की राहायला."