झोपलेला राक्षस

आमच्या खेळातला राक्षस म्हणजे आमचे वडील, आप्पा. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनीच पट काढला होता. खाली आमचं घर, मध्ये दुधाची नदी, मग उडत्या घोड्याचा डोंगर आणि सगळ्यात वर राक्षसाची गुहा, तिच्यात सोन्याचं मडकं. सोंगट्या म्हणून मागावरच्या, सूत संपलेल्या रिकाम्या कांड्या, फासे म्हणून फोडलेले चिंचोके. आप्पा आमच्याकडे पाठ करून बसायचे, कारण राक्षस झोपलेला. चिंचोके इतके हळू टाकायचे, की त्याला जाग येता कामा नये. जरा खुट्ट झालं, की "मानसाचा वास येतोय रं!" म्हणत आप्पा गर्रकन वळायचे आणि ज्याची पाळी असेल त्याची कांडी पुन्हा खाली घरात.

हा खेळ लाईट गेल्यावरच व्हायचा. वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी साड्या विणायचे विजेवरचे माग. ते चालू असताना शेजारी बसलेल्याचंही बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. पाहुण्यांना त्याचं हसू यायचं. लाईट गेली की गल्ली मुकी व्हायची आणि आप्पा पट मांडायचे.

ऐंशी सालाच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात आम्ही सारखे जिंकायला लागलो. धाकटा भाऊ तर चिंचोके आपटायचा, तरी गुहेपर्यंत पोचायचा आणि मडकं मिळालं म्हणून नाचायचा. मला वाटलं, आप्पा लाडानं हरतायत. म्हणून मीही जरा जोरात टाकून बघितले. मग आणखी जोरात. पाठ हलली नाही. आई मला काळजीचं गाठोडं म्हणायची, पण या वेळी त्या गाठोड्यात खरंच काहीतरी होतं.

समोरून बोललं की आप्पांना ओठांवरून सगळं कळायचं, त्यामुळे घरात कुणाला शंका आली नव्हती. पण ते विणलेल्या साड्या सायकलला बांधून पेठेत जायचे. मागून ट्रक आला तर? ते परतेपर्यंत मी उंबऱ्यावर बसून राहायचे. आईला सांगावं तर ती हाय खाईल, आणि आप्पांना विचारायची मला भीती वाटायची, कारण ते खरं सांगतील.

एके दुपारी लाईट गेली. माझी पाळी आली तेव्हा मी चिंचोक्यांऐवजी पाण्याचा तांब्याच फरशीवर सोडला.

"काय पाडलंस गं?" आई आतून ओरडली.

आप्पांची पाठ तशीच.

"आक्का," भाऊ म्हणाला, "राक्षस मेला व्हय गं?"

मी त्याला करकचून चिमटा काढला. मग आप्पा ज्या फळीवर बसले होते, तिच्यावर टाच जोरात आपटली. फळी हादरली आणि ते लगेच वळले. "मानसाचा वास येतोय रं!" त्यांनी माझी कांडी उचलून घरात ठेवली. हरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. पण त्यांची नजर कोपऱ्यात घरंगळलेल्या तांब्यावर गेली, सांडलेल्या पाण्यावर गेली, आणि मग फळीवरच्या माझ्या पायावर.

तेवढ्यात लाईट आली. गल्लीतले माग एकदम खडखडायला लागले. त्या गोंगाटात आप्पांचे ओठ हलले, "आईला सांगू नगंस."

मला रडू फुटलं. तरी मी डोळे पुसले आणि नुसते ओठ हलवून म्हटलं, "मग पेठेला मी येनार. मागं बसून."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

पुढच्या खेपेला मी साड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन कॅरियरवर बसले. मागून गाडी आली, की त्यांच्या पाठीवर थाप मारायची असं ठरलं होतं. थाप बसली की आप्पा मुकाट्यानं सायकल कडेला घ्यायचे. पेठेपर्यंत मी एकदाही पुढं बघितलं नाही.