मेंढरांनाही नावं असतात

मंडळी, भित्तिपत्रकासाठी हे घाईतच लिहितोय.

आज वडूजच्या शाळेत सातवीला राजकीय रूपककथा शिकवली. फळ्यावर लिहिलं: लांडगा म्हणजे सत्ता, मेंढरं म्हणजे प्रजा. बेचाळीसचं साल, म्हणून इंग्रजांचं नाव मुद्दाम टाळलं. "प्रतीकाला नाव नसतं," असं सांगत होतो, तेवढ्यात धनगरांची सखू उठली.

"गुरुजी, आमच्या कळपात परत्येक मेंढराला नाव हाय. एक चुकलं तरी आई नावानं हाका मारती."

"बरं, मग?"

"कचेरीवरच्या मोर्च्यात पोलिसांची गोळी लागून जे पडलं, त्या मेंढराचं नाव म्हादू. माजा बा त्यो."

मी फडक्यानं 'प्रजा' शब्द पुसला, पण तिथं 'म्हादू' लिहायला हात धजेना.

ती जागा अजून कोरी आहे. तुम्ही लिहिलं असतं?