नार्तंगायची बरणी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाला गरगरलं की ते अंबुजाबाईंच्या दारी येत. शाळेतून रिटायर झालेल्या या गणिताच्या बाई दरवर्षी नार्तंगाय घालत. म्हणजे ईडलिंबाच्या फोडी मिठात मुरवून उन्हात वाळवत. "पित्त आहे, चघळ," म्हणून एक फोड हातावर ठेवत. शेजारच्या घरांना तर त्या बरणीच भरून देत. उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. फळ्यावरचं आपलं उत्तर चुकलं, असं बाईंनी तीस वर्षांत कधी कबूल केलं नव्हतं.

१९९५च्या उन्हाळ्यात त्यांनाच गरगरू लागलं. दिवसाला एका फोडीच्या तीन झाल्या, तरी गरगर हटेना. शेवटी नवऱ्याने, सेतुरामरावांनी, त्यांना डॉक्टर वासुकीकडे नेलं. ती बाईंचीच विद्यार्थिनी.

"टीचर, प्रेशर एकशे नव्वद आहे. मीठ किती खाता?"

"सांबारसुद्धा अळणी करते मी!" बाई कडाडल्या. पदराची गाठ सोडून त्या एक फोड तोंडात टाकणार, तोच वासुकीने ती काढून घेतली. फोडीवर मिठाचे पांढरे कण चमकत होते.

"वयाने प्रेशर वाढतं, घराण्यातूनही येतं. ते आपल्या हातात नाही, टीचर. हे आहे."

रोजची गोळी सुरू झाली, फोडी बंद झाल्या. दोन महिन्यांत प्रेशर एकशे चाळीसवर आलं. त्या दिवशी ऑटोतून उतरून बाई घरात गेल्याच नाहीत. त्यांनी शेजारच्या अखिलाचं दार वाजवलं.

"मी दिलेली बरणी परत दे. माझं उत्तर चुकलं होतं. गरगरलं तर आधी प्रेशर बघून ये."

आणि बाई पुढच्या दाराकडे वळल्या.