पार्श्वसंगीत नसलेली माणसं

"कोणी पाठवलं तुम्हाला?"

बाईंच्या बोलण्याची सुरुवात अशीच व्हायची. दारात पोस्टमन आला तरी हाच प्रश्न आणि कळवळत दवाखान्यात आलेल्या रोग्यालाही हाच. वेवजी गावच्या एका म्हाताऱ्यानं एकदा "पोटानं धाडलं, बाय" असं उत्तर दिलं होतं म्हणतात. बाईंनी त्याला औषध दिलं, पण आधी पोट दाबून खात्री करून घेतली.

तलासरीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. वय चाळिशीच्या अलीकडे, बांधा ठेंगणा, पदर खोचलेला. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि घरात नवरा नव्हता. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं, एवढं भांडवल लोकांना भरपूर झालं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाहीत, मग बाकीचे आपापल्या सोयीनं त्यांची गोष्ट रचतात.

मी तेव्हा डहाणू रोडला लाकडाच्या वखारीत कारकून होतो. दर रविवारी दुपारी आम्ही दोघं-तिघं एका इराणी शेठच्या चिकूच्या वाडीत रेकॉर्डी ऐकायला जमायचो. घरी प्रत्येकाकडे एखादं किरकिरं यंत्र होतं, पण शेठच्या ग्रामोफोनसारखा आवाज कशालाच नव्हता. शाळेतले मास्तर नाट्यपदं आणायचे, मी सिनेमाची गाणी आणायचो आणि शेठ विलायती बँड लावून खुर्चीतल्या खुर्चीत पाय हलवायचे. बैठकीचा नियम एकच होता. उठताना आपली एक रेकॉर्ड दुसऱ्याला द्यायची आणि त्याची एक घरी न्यायची. पुढच्या रविवारी ती परत आणून त्यावर यथेच्छ भांडायचं.

या बैठकीत एक दिवस बाई आल्या. बसची वाट बघत रस्त्यावर उभ्या असताना त्यांनी आवाज ऐकला आणि हातातली पत्र्याची ट्रंक घेऊन त्या सरळ ओसरीवर चढल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खाली ठेवलेल्या आमच्या रेकॉर्डी त्यांनी एकेक करून उचलल्या, उजेडात धरल्या आणि प्रत्येकीची कड बोटानं चाचपली.

"ह्या कुठून आणल्यात?" त्यांनी विचारलं.

"दुकानातून, बेन," शेठ म्हणाले. "चोरी करून नाय आणली. तू बस नी."

त्या बसल्या. ट्रंक उघडली तर आत जुन्या लुगड्याच्या घड्यांमध्ये रेकॉर्डी होत्या. एक काढून त्यांनी स्वतः लावली. शेठना सुई नवी आहे का असं दोनदा विचारलं आणि तरी स्वतः बदलून घेतली. गाणं काही सुरू होईना. नुसती व्हायोलिनं, मध्येच एक बासरी, मग सगळी वाद्यं एकदम उसळली. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. ते सिनेमाचं पार्श्वसंगीत होतं.

"आता ती जिना उतरते," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "खाली वकील उभा आहे. हसतोय, गोड बोलतोय. पण व्हायोलिन काय सांगतंय ऐका. माणूस खोटा आहे. तिला कळत नाही, आपल्याला कळतं."

मला तो सिनेमा ठाऊक नव्हता, अजूनही नाही. पण त्या दिवशी मला तो जिना दिसला आणि तो वकीलही दिसला. गाण्यांच्या मधल्या वाजवण्याकडे मी तोवर कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यानंतर माझे कान त्या बाजूला जे वळले ते कायमचेच.

"खऱ्या माणसाच्या मागे असं काही वाजत नाही," रेकॉर्ड पुसून ठेवताना बाई म्हणाल्या. "तीच पंचाईत आहे."

उठायची वेळ झाली तेव्हा मास्तरांनी नियम सांगितला. बाईंनी ट्रंकेला कुलूप लावलं. "माझी रेकॉर्ड बाहेर जात नाही," त्या म्हणाल्या आणि बस पकडायला गेल्या.

मास्तरांना संशय यायला तेवढं पुरे होतं. दारूबंदीचे दिवस होते. दमण फिरंग्यांकडे, आणि तिकडच्या बाटल्या या ना त्या वाटेनं आपल्याकडे येत. "ट्रंकेला कुलूप, हिंडणं सरहद्दीवर, आणि आपल्या रेकॉर्डी उलटून बघते," मास्तर म्हणाले. "एक तर ही बाटल्या नेते, नाहीतर बाटल्या नेणाऱ्यांची नावं सांगते." शेठच्या वाडीत ताडाची झाडं होती. ताडी प्यायचे सगळेच, पण ती कोणी पीत नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं. शेठ घाबरले. पुढच्या रविवारी त्यांनी ओसरीवरचं मडकं आत नेऊन ठेवलं आणि बाईंना लिंबाचं सरबत दिलं.

बाईंनी सरबताचा वास घेतला आणि विचारलं, "हे रोज देता, की मी आले म्हणून?"

नाक्यावरच्या शिपायांनाही ट्रंकेचा संशय होता. एकदा मी त्याच बसमध्ये होतो. शिपायानं ट्रंक उघडायला सांगितली. बाईंनी त्याला आधी हात धुवायला लावले, पुसायला स्वतःचा रुमाल दिला आणि मग कुलूप काढलं. तो बिचारा एकेक रेकॉर्ड तान्हं मूल उचलावं तशी उचलत होता. बस खोळंबली होती, ड्रायव्हर शिव्या घालत होता आणि बाई "कडेला धरा, कडेला" म्हणून त्याला शिकवत होत्या. ट्रंकेत बाटली नव्हती. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग नावं सांगणारी असणार."

असं करत करत वर्षं गेली. बाई रेकॉर्ड देत नसत आणि आमची नेतही नसत. दर रविवारी आल्या आल्या आमच्या नव्या-जुन्या सगळ्या रेकॉर्डींच्या कडा चाचपत. पण त्यांच्यावाचून बैठक जमेना, हेही खरं. त्यांची बस चुकली तर शेठ ग्रामोफोनला चावी द्यायचे नाहीत. मास्तर तर नाट्यपदाच्या आधीच्या पेटीतसुद्धा कोण खरं नि कोण खोटं ते शोधायला लागले होते. मला तर बाईंचा लळाच लागला होता. आठवडाभर वखारीतल्या सागाच्या ओंडक्यांमध्ये बसून मी त्या व्हायोलिनांची वाट बघायचो.

महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं वेगळी झाली त्यानंतरची गोष्ट. अच्छाडजवळ बस बिघडली आणि बाईंना उशीर झाला. त्या रविवारी त्यांच्याआधी एक अनोळखी माणूस वाडीत आला. खाकी पँट, वाढलेली दाढी, हातात एक चौकोनी पेटी. शेठनी खुर्ची दिली तर पेटी मांडीवर घेऊन बसला, खाली ठेवीना.

"तलासरीच्या नर्सबाई इथे रेकॉर्डी ऐकायला येतात म्हणे," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत बाईंना शोधत कोणी आलं नव्हतं.

"कोणी पाठवलं तुला?" शेठनी विचारलं. हा प्रश्न आपण कोणाकडून उचलला हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल.

"कोणी नाही. मीच आलो." माणूस ओशाळून हसला. "जरा काम होतं."

काय काम ते सांगेना. नाव विचारलं तर म्हणाला, बाई ओळखतील. त्याच्या मागे व्हायोलिन वाजत नव्हतं, त्यामुळे आम्हाला काही कळायला मार्ग नव्हता. पण एवढी वर्षं बाईंच्या तालमीत काढल्यावर संशय घ्यायला आम्हाला कोणाची मदत लागत नव्हती. आणि मग ज्या मास्तरांनी बाईंवर सगळ्यात जास्त संशय घेतला होता, तेच पुढे सरसावले.

"बाईंची बदली झाली," ते म्हणाले. "जव्हारला."

जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस तो. पापणीसुद्धा हलली नाही.

"जव्हारला," तो माणूस म्हणाला. "बस कुठून सुटते?"

शेठनी सांगितलं. त्यानं दोन्ही हात जोडले, पेटी उचलली आणि निघून गेला. आम्ही विजयी वीरांसारखे बसलो होतो.

बाई धुळीनं माखून आल्या तेव्हा मास्तरांनी मोठ्या प्रौढीनं सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला.

"पेटी केवढी होती?"

शेठनी हातानं दाखवली.

"ग्रामोफोन आहे तो," बाई खाली बसत म्हणाल्या. "माझा नवरा तो."

मग त्यांनी जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. नवरा फिरत्या सिनेमाच्या तंबूत ऑपरेटर. चिंचणीपासून उंबरगावापर्यंत तंबू हिंडायचा, आणि खेळाआधी लोक गोळा व्हावेत म्हणून तो कर्ण्यावर रेकॉर्डी लावायचा. त्या रेकॉर्डी दोघांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या. त्यातली एक, बाईंची सगळ्यात लाडकी, एक दिवस नाहीशी झाली. तो म्हणाला, एकानं ऐकायला मागितली म्हणून दिली, नाव विचारायचं राहिलं.

"नाव न विचारता कोणी रेकॉर्ड देतं का?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, कुणा बाईला दिली. रेकॉर्डच्या कडेला टवका होता. कुठे दिसली तर ओळखली असती मी."

त्यावरून दोघं वेगळी झाली. यंत्र त्यानं ठेवलं आणि रेकॉर्डी बाईंनी घेतल्या. त्याच्याकडे वाजवायला काही राहिलं नाही आणि बाईंकडे वाजवायचं साधन राहिलं नाही.

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसायला घेतला.

"तुम्ही जव्हार म्हणालात," बाईंनी सावकाश विचारलं, "आणि तो गेला? कधी झाली, कशी झाली, काहीच विचारलं नाही?"

"बस कुठून मिळते एवढंच विचारलं."

"तुमची त्याची ओळख ना पाळख. आणि निघाला?"

"हो."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"मग दिलीच असेल हो त्यानं कुणालातरी," त्या म्हणाल्या. "मागितली म्हणून. मेला आहेच तसा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या जव्हारला गेल्या. ट्रंक शेठकडे ठेवली. कुलूप लावलेलं बघून शेठ दुखावले. "बेन, आपल्यावर पण शक?" तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही, शेठ. उघडी ठेवली तर मीच अर्ध्या वाटेतून परत येईन."

तो माणूस जव्हारलाच होता. बदली झाली म्हणजे बाई आज ना उद्या येणारच, असा हिशोब करून तो स्टँडजवळच्या हॉटेलात राहिला होता. हॉटेलवाल्यानं मागितला म्हणून ग्रामोफोन त्याला वाजवायला दिला होता. हे सांगताना बाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण त्या हसत होत्या.

दोघं ट्रंक न्यायला आली तो आमचा त्यांच्यासोबतचा शेवटचा रविवार. बाईंनी नोकरी सोडली होती. तंबू पावसाआधी सुरतेकडे जाणार होता. शेठनी ताडीचं मडकं उघड्यावर आणून ठेवलं आणि मास्तरांनी त्या माणसाची हात जोडून क्षमा मागितली. त्याला ती कशाबद्दल हे नीट कळलंच नाही. उलट जव्हारची हवा फार चांगली, असं त्यानं मास्तरांना सांगितलं.

मग त्यानं ट्रंक डोक्यावर घेतली. एका हातात ग्रामोफोनची पेटी, दुसऱ्या हातानं ट्रंक धरलेली, असा तो फाटकाबाहेर पडला आणि वाडीच्या उंचसखल वाटेनं चालू लागला. बाईंनी त्याला थांबवलं नाही, की "जपून" म्हणून ओरडल्या नाहीत. त्या फक्त त्याच्या अगदी मागून चालत होत्या, दोन्ही हात ट्रंकेखाली अधांतरी धरून. वळणापर्यंत ते हात खाली आले नाहीत.