आठ जणांची बोट

सिडनीत वेस्टमीडच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. नमुन्याच्या बाटलीवर नाव आहे ना, तारीख आहे ना, नमुना घेतल्याची वेळ लिहिली आहे ना, हे तपासण्यात माझी अकरा वर्षं गेली. वॉर्डमधून कुणी वेळ लिहायची विसरलं तर मी फोन करून अशी हजेरी घेते की ती व्यक्ती पुन्हा विसरत नाही. लॅबमध्ये माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. पण जिथे एका माणसाच्या जिवाचा प्रश्न होता, तिथे वेळ मीच खोटी सांगितली. तो माणूस त्यामुळे गेला की नाही हे कधीच सिद्ध होणार नाही. त्या एका गोष्टीच्या आडोशाला मी आजवर उभी आहे.

२०२०च्या मार्चची सुरुवात होती. आई गेल्यावर बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. ऑस्ट्रेलियाचा नकाशा ते फळ्यावर डोळे मिटून काढत, पण समुद्रात मात्र गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते. आईच्या आजारपणात त्यांचं बोलणंच आटलं होतं. त्यांना जरा माणसांत आणावं म्हणून मी सिडनीहून निघणाऱ्या आठवड्याभराच्या क्रूझची तिकिटं काढली. नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच.

क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर जहाज दिवसभर थांबणार होतं. तिथे काय करायचं यावर मी जवळजवळ प्रबंधच लिहिला. जहाजाची स्वतःची सहल होती: मोठी बोट, सव्वाशे माणसं, शिट्टी वाजली की पाण्यात, शिट्टी वाजली की बाहेर. दुसरी होती काचेच्या तळाची बोट, तिच्यात चाळीस माणसं, आणि बाबा म्हणाले, "काचेतून बघायचं तर घरी टीव्ही आहे की." तिसरी एका स्थानिक माणसाची छोटी बोट होती. फक्त आठ प्रवासी, बुडवलेल्या जुन्या बोटींच्या सांगाड्यांजवळ स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगायचं, आणि नंतर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून स्टिंगरे, ते शेपटीत काटा असलेले पसरट मासे, बघायचे. पोहता न येणाऱ्यांकडे तो नीट लक्ष देतो, असं लोकांनी लिहिलं होतं.

मी आठ जणांची बोट निवडली. बाबांना पोहता येत नाही हे एक कारण, आणि दुसरं कारण तेव्हा नुकतीच पसरू लागलेली साथ. आमच्या लॅबमध्ये तेव्हा नव्या तपासणीची तयारी सुरू झाली होती. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ऐकवलं होतं की सव्वाशेपेक्षा आठ माणसांत धोका किती कमी. धोका दुसऱ्यांकडून आपल्याकडे येतो, एवढीच दिशा माझ्या डोक्यात होती.

बेटावर पोचलो त्या शनिवारी सकाळी बाबा केबिनमध्ये पांघरूण घेऊन बसले होते.

"जरा कणकण वाटतेय गं. घसाही धरलाय. या एसीमुळे असेल."

मी उलट्या हाताने त्यांचं कपाळ पाहिलं. गरम होतं. माझ्या बॅगेत थर्मामीटर होता. लॅबमधली बाई मी, थर्मामीटरशिवाय घराबाहेर पडत नाही. तो मी काढला नाही. मोजला असता तर तो ताप झाला असता. न मोजल्यामुळे ती कणकण राहिली. आमच्या घरात लहानपणापासून असंच चालत आलंय. परीक्षा असो, लग्न असो, प्रवास असो, कणकण आली की क्रोसिन घ्यायची, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि चप्पल घालायची. आजारी पडण्याचं ठरवायचं ते घरी परत आल्यावर.

"राहू द्यायचं का? केबिनमध्ये आराम करा हवं तर," मी म्हटलं खरं, पण सनस्क्रीन बॅगेत भरत भरत.

"छे छे, तू एवढं शोधून काढलंयस," बाबा म्हणाले. त्यांनी पुण्याहून आणलेल्या गोळ्यांच्या पिशवीतून क्रोसिन काढली आणि घेतली. अर्ध्या तासात त्यांना घाम आला, चेहरा हलका झाला. "बघ, गेली," ते म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं.

धक्क्यावर बोटवाल्याने फॉर्म दिले. स्नॉर्केलिंगच्या आधी तिथे सगळ्यांकडूनच लिहून घेतात. हृदयविकार आहे का, दमा आहे का, गोळ्या चालू आहेत का, सध्या ताप किंवा खोकला आहे का. बाबांचा वाचायचा चष्मा जहाजावर राहिला होता. तसाही त्यांचा फॉर्म मीच भरणार होते. व्हिसाचा, विम्याचा, विमानतळावरचा, सगळे मीच भरले होते. आपल्या घरांमध्ये सगळ्यांचे फॉर्म एकच कुणीतरी भरतं, आणि जे लिहिल्याने अडकणार नाही ते लिहितं. बाबांची ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा मी गाळली. सगळीकडे 'नाही', आणि खाली माझीच सही.

वय मात्र लपवता येत नव्हतं. एक्काहत्तर. त्यामुळे बोटवाल्याने त्यांना वेगळ्या रंगाचं जॅकेट दिलं, धरून तरंगायला फोमचा लांब दांडा दिला आणि तशाच जॅकेटातला जोडीदार दिला. हा जोडीदार म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीचा एक म्हातारा. चाळीस वर्षं सोन्याच्या खाणीत काढलेला, मिशाळ, बायकोबरोबर लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सहलीला निघालेला. ती दोघं आमच्या जहाजावरची नव्हती, बेटावरच उतरली होती. माझ्या शेजारी बसूनच त्याने फॉर्म भरला, आणि मोठ्याने वाचत भरला. "छाती खराब आहे. खाणीतली धूळ. लिहिलेलं बरं, नाही का मेट?" असं तो बोटवाल्याला म्हणाला. बाकी दोन तरुण जोडपी होती, ती आपापल्यात दंग होती.

पाण्यात उतरल्यावर बाबा घाबरले. तोंडातल्या नळीत पाणी गेलं, ठसका लागला, ते शिडीला धरून खोकत राहिले. खारं पाणी गेलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हटलं. म्हाताऱ्याने स्वतःची नळी तोंडातून काढली. त्याची स्वतःची होती, वर झडप असलेली, जिच्यात पाणी शिरत नाही अशी. ती त्याने बाबांपुढे धरली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उष्टं या बाबतीत ते फार कडक. प्रवासात दुसऱ्याची बाटली तोंडाला लावणार नाहीत, ओतूनच पितील. मला वाटलं, आता नको म्हणतील आणि त्या बिचाऱ्याला वाईट वाटेल. म्हणून मीच म्हटलं, "घ्या हो बाबा, समुद्रात कसलं आलंय उष्टं."

त्यांनी घेतली. पाव तास दोघं हातात हात धरून पाण्यावर पालथे तरंगत होते. माझे बाबा, आई गेल्यानंतर ज्यांनी कुणाचा हात धरला नव्हता. मग ते वर आले, नळी परत दिली. म्हाताऱ्याने ती समुद्राच्या पाण्यात एकदा बुडवून काढली आणि स्वतःच्या तोंडात घातली.

हे मी पाहिलं. दहा फुटांवरून, स्वच्छ उन्हात पाहिलं. दुसऱ्याचं उष्टं आपल्या तोंडात जाऊ नये यासाठी आमच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या जिवाचं रान केलं. आपलं उष्टं दुसऱ्याच्या तोंडात जातंय याचा विचार करायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. पण मला शिकवलं होतं. मी त्याचाच पगार घेत होते.

नंतर आम्ही वाळूवर उभे राहिलो. पाय उचलायचे नाहीत, घासत चालायचं, म्हणजे स्टिंगरेवर पाय पडत नाही, असं बोटवाल्याने सांगितलं. एक मोठा स्टिंगरे बाबांच्या पावलांवरून गेला, ओल्या गोधडीचा काठ घासून जावा तसा. "अरे बापरे! अगं बघ, बघ!" बाबा मराठीत ओरडले, आणि म्हाताऱ्याने काहीही न कळता त्यांच्या पाठीवर थाप मारून तितक्याच मोठ्याने आरोळी ठोकली. मी दोघांचे फोटो काढले. ते पाठवायला म्हणून त्याच्या बायकोचा नंबर घेतला.

सोमवारी जहाज सिडनीला लागलं. मंगळवारी बाबांना धाप लागली. तपासणी पॉझिटिव्ह आली. बाबा हॉस्पिटलमध्ये आणि मी घरात कोंडलेली असताना आरोग्य खात्यातून फोन आला. मुलगी तरुण असावी, आवाज थकलेला आणि प्रेमळ. तिने विचारलं, लक्षणं कधी सुरू झाली?

या प्रश्नाचं उत्तर कशासाठी लागतं, हे त्या मुलीपेक्षा मला जास्त माहीत होतं. लक्षणांच्या आदल्या दिवसापासून जे जे भेटले, त्यांची यादी होते. त्यांना फोन जातात. त्यांना घरात थांबायला सांगतात, छाती खराब असेल तर डॉक्टर आधीच लक्ष ठेवतात. शनिवार म्हटलं असतं तर बोटीवरचे सगळे त्या यादीत आले असते. पण शनिवार म्हटलं असतं तर माझ्या सहीचा फॉर्मही आला असता, आणि माझी नोकरी, आणि बाबांचा व्हिसा. असं मला वाटलं. खरं म्हणजे त्या मुलीने काही विचारलंही नसतं.

"मंगळवारी," मी म्हणाले.

"थँक यू, फार मदत झाली," ती म्हणाली.

बाबा अकरा दिवसांनी घरी आले. विमानं बंद झाली होती, ते माझ्याकडेच अडकले. एप्रिलच्या मध्यावर मी पाठवलेल्या फोटोंना त्या बाईंचं उत्तर आलं. कालगुर्लीला परतल्यावर नवरा आजारी पडला. फ्लू असेल म्हणून पाच दिवस घरीच काढले. मग विमानाने पर्थच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिला आत सोडलं नाही. तो गेला. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून नातवंडं बाहेर गाडीत बसून राहिली.

मी ते बाबांपासून लपवायला हवं होतं, आपल्याकडे लपवतात तसं. पण वाचताना माझा चेहराच बोलला. मला सगळं सांगावं लागलं. बाबा म्हणाले, "मला त्या दिवशी ताप होता."

"कणकण होती, बाबा."

"ताप होता गं. तुला माहितीये." आणि पुढे म्हणाले, "तिला सांग. मला इंग्रजीत नीट सांगता येणार नाही. तू सांग, आणि माझ्या वतीने माफी माग."

त्यानंतर ते जेवेनासे झाले. अर्धी पोळी पुढे घेऊन बसत. रोज विचारत, "केलास का फोन?" मी म्हणे, तिकडच्या वेळेचा घोळ आहे, आज शिफ्ट आहे, उद्या नक्की. दिवसभर मी लॅबमध्ये लोकांचे नमुने तपासत होते, वेळ न लिहिलेले परत पाठवत होते, आणि घरी येताना ट्रेनमध्ये ते वाक्य जुळवत होते. वाक्य छोटं होतं. बाबांना त्या दिवशी ताप होता आणि मला ते माहीत होतं. एवढंच.

एका रविवारी तिचाच फोन आला. बाबा समोर खुर्चीत बसले होते. त्यांनी मला हाताने खूण केली, बोल, बोल. मी फोन घेऊन बेडरूममध्ये गेले आणि दार लोटलं.

ती आधी हवापाण्याचं बोलली. मग विषयाकडे वळली. "तू लॅबमध्ये असतेस असं म्हणाली होतीस ना," ती म्हणाली. "तुला एक विचारायचं होतं. डॉक्टरांना विचारायचा धीर होत नाही. सहलीच्या आधी मी नातीच्या वाढदिवसाला गेले होते. तिथून आल्यावर माझा घसा खवखवत होता. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सहल रद्द केली असती, आणि मला जायचं होतं. पन्नास वर्षांनी मला कुठेतरी जायचं होतं." ती रडत नव्हती, हेच ऐकवत नव्हतं. "माझ्यामुळे झालं असेल का? तू खरं सांग. तुला कळतं यातलं."

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. महिनाभर घोटलेलं. ते बोलले असते तर ती बाई त्या क्षणी सुटली असती. तिच्या खांद्यावरचं सगळं माझ्या खांद्यावर आलं असतं, जिथलं होतं तिथे. मी खिडकीतून शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या बिन्सकडे बघत राहिले. मग मी माझ्या लॅबच्या आवाजात, अगदी शांतपणे म्हणाले, "हे कुणालाच सांगता येणार नाही. कुणाकडूनही झालं असेल. स्वतःला दोष देऊ नका."

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला.

"फार चांगली आहेस तू," ती म्हणाली.

मी बाहेर आले. बाबा खुर्चीच्या हातावर दोन्ही हात घट्ट धरून बसले होते.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, फार चांगली आहेस तू."

बाबांचे डोळे भरून आले. "मोठ्या मनाची बाई," ते म्हणाले. मग त्यांनी ताट मागितलं, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.