मेहकरच्या पुढे

काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून ते म्हणायचे, "पाह्य बरं बापू, कुठवर आलं."

रिसोडला माझं कुरिअरचं दुकान आहे. ते एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, माझ्या घराशेजारीच राहणारे. त्यांच्या बायकोच्या कानाचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं होतं, ते परत यायचं होतं. आत बॅटरी, म्हणून विमानानं नाही, ट्रकनं. मी नंबर टाकायचो. पडद्यावर रोज एकच ओळ : पुण्याहून निघाले.

"निघालं थे मालूम हाये. आता कुठं हाये?"

मी सांगितलं, गोदामात खोका मशीनखाली धरतात तेव्हाच नोंद होते. मधल्या रस्त्याचं यात काही कळत नाही.

"म्हणजे तुमालेबी मालूम नाही," ते म्हणाले. राग नव्हता.

पण घरी बायको वाट पाहत होती. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की तिला नुसते हलणारे ओठ दिसायचे. तिला धीर यावा म्हणून हे रोज एक गाव पुढं सरकवू लागले. ओरडून सांगावं लागायचं, त्यामुळं आम्हा शेजाऱ्यांनाही कळायचं : आज संभाजीनगर, आज जालना. बाई विचारायच्या, "जालन्यात काय करून राह्यलं थे?" हे ओरडायचे, "चहा पिऊन राह्यलं!"

मेहकर आलं आणि ते अडकले. त्यापुढं रिसोडच. दुकानात येऊन हळू आवाजात म्हणाले, "बापू, आता कुठं नेऊ?"

खोका हरवला असावा, असं मला वाटू लागलं होतं. मी पुन्हा नंबर टाकला.

मग एका दुपारी वाशिमच्या गाडीतून खोका उतरला. पडद्यावर अजून पुणंच होतं. मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी यंत्र बायकोच्या कानात बसवलं आणि सवयीनं ओरडले, "येते का आयकू?"

बाई दचकल्या. "एवढ्या जोरानं काहून बोलून राह्यले? बाजूलेच तं बसली हावो मी."

मग खूप वेळ दोघं हसत होते.

गेल्या उन्हाळ्यात ते वारले. मी भेटायला गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणीतरी पुढं वाकून त्यांच्याशी मोठ्यानं बोलू लागलं.

त्यांनी हात वर केला.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "मले आयकू येते."