विजेत्याच्या गाडीतलं वजन

शेजारी कोणीही गाडी चालवायला बसलं की साहेब आधी ओरडायचे, "सीट आगे!" एवढीच हिंदी त्यांना येत होती. आपले ड्रायव्हर आरामखुर्चीत पडल्यासारखे मागे रेलून गाडी चालवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. साहेबांना ते बघवत नसे. बाकीचं त्यांचं इंग्रजी मी हिंदीत करून सांगायचे, त्यातल्या शिव्या गाळून.

साहेब इंग्लंडचे. तरुणपणी टूरिंग कारच्या शर्यतींत उतरलेले. म्हणजे आपल्या रस्त्यावर दिसतात तशाच दिसणाऱ्या, पण दारं घासत, एकमेकींना ढकलत पळणाऱ्या गाड्या. उतारवयात ते ओमानमधल्या बरका गावात आमच्या कंपनीच्या ड्रायव्हरांना शिकवायला आले. मी मूळची वसईची, बरकाच्याच ऑफिसात कामाला. "रेसवाला आम्हाला हळू चालवायला शिकवणार?" म्हणून पोरं हसायची. साहेब हसायचे नाहीत. त्यांना राग चटकन यायचा आणि मला तो आवडायचा, कारण माझा मी इतकी वर्षं गिळत आले होते.

वर्गात ते आपली कारकीर्द सांगत. "एकदा पावसात जिंकलो. पुढच्या शर्यतीला माझ्या गाडीत जादा वजन ठेवलं. नियमच तो. जिंकणाऱ्यावर वजन, म्हणजे मागच्यांना संधी." त्या वजनाने टायर झिजले, ते मागे पडले आणि वर्षअखेरीस त्यांची जागा एका पैसेवाल्याच्या मुलाला दिली. इथे ते टेबलावर मूठ आपटायचे. चहा सांडायचा. मग स्वतःच फडकं घेऊन पुसत बसायचे.

दत्ताराम गुहागरचा, कामगारांची बस चालवायचा. त्याच्या बसला कधी ओरखडा नाही. म्हणून कोणी आजारी पडलं की त्याचीही फेरी दत्तारामलाच. "दत्ताराम आहे ना," हे मॅनेजरचं ठरलेलं वाक्य. मॅनेजर चिपळूणचा. महाराष्ट्र दिनाला मस्कतमध्ये स्टेजवर चढून 'आपली माणसं, आपली माणसं' म्हणून गळा काढणारा. त्याचं नाव घेतलं की आजही माझं डोकं फिरतं.

चाचणीत दत्तारामने बस सुरेख चालवली. सिग्नलला थांबली, आणि त्याची मान छातीवर पडली. साहेबांनी त्याला नापास केलं.

"मॅडम, सांगा ना त्यांना," तो माझ्याकडे आला. "बसवरनं काढलं तर खलास. गावाला धाडतील. पोरगी बारावीला आहे."

साहेब तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. "त्याला काढू नका. त्याच्या जादा फेऱ्या काढा आणि झोपू द्या त्याला. आमच्याकडे वजन सगळ्यांदेखत तोलून ठेवायचे. तुम्ही चोरून ठेवता."

"तुम्ही पासच्या कागदावर सही करा, साहेब. झोपेचं आम्ही बघू, इन्शाल्ला."

साहेबांनी सही केली नाही. त्यांचा करार पुढे वाढला नाही. सही दुसऱ्या कोणीतरी केली.

निरोपाला केक आणला होता. मॅनेजरने सुरक्षिततेवर भाषण ठोकलं. तो केक त्याच्या तोंडावर मारावा असं मला वाटत होतं.

"दत्ताराम कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"ड्युटीवर."

साहेबांनी बशी तशीच ठेवली आणि फाटकापाशी उन्हात जाऊन उभे राहिले. बस आली. ते चढले, दत्तारामला मागच्या बाकावर पाठवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मॅनेजर ओरडत धावला, पण बस निघाली होती. मागच्या काचेला गाल टेकून, तोंड उघडं टाकून दत्ताराम बस फाटकातून निघतानाच झोपला होता. साहेबांनी कामगारांना त्यांच्या कॅम्पवर पोचवलं, बस परत आणून लावली आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसले.

आज सकाळी दत्ताराम माझ्या समोरून बस घेऊन गेला. मी हात केला. त्याचे डोळे उघडे होते. त्याने मला पाहिलं नाही.